दुपारची गोळी आणि वामकुक्षी : पार्किन्सन्सच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ७१ वर्षांचे निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. गावात लहानथोर सगळे त्यांना 'सर' म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ते पत्नी, मुलगा, सून आणि नातवासह राहतात. सात वर्षांपूर्वी निवृत्तिवेतनाच्या कागदावरची त्यांची सही बँकेत जुळेना, तेव्हा घरच्यांना प्रथम शंका आली. अक्षर आक्रसत चालले होते, उजव्या हाताला कंप होता आणि चालताना तो हात हलत नव्हता. शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन्सचे निदान केले. तेव्हापासून वर्षातून तीनदा ते त्यांच्याकडे जातात, आणि मधल्या काळातली देखरेख कुटुंबाचा डॉक्टर या नात्याने माझ्याकडे असते.

त्यांचे मुख्य औषध म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असलेली साधी गोळी. लेव्होडोपा रक्तातून मेंदूत पोहोचते आणि तेथे तिचे डोपामिन होते, म्हणजे हालचालींसाठी लागणारे आणि या आजारात कमी पडणारे रसायन. कार्बिडोपा तिला मेंदूबाहेरच मोडून जाण्यापासून बऱ्याच अंशी वाचवते. तरीही रक्तातले तिचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते, आणि आजार काही वर्षांचा झाला की मेंदूची डोपामिन साठवून ठेवण्याची ताकद उरत नाही. त्यामुळे गोळी कधी लागू पडली आणि कधी उतरली हे रुग्णाला आणि घरच्यांना घड्याळ लावून सांगता येते. रक्तदाबाची गोळी एखाद्या दिवशी दीड तास उशिरा शोषली गेली तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पार्किन्सन्समध्ये मात्र तोच उशीर डोळ्यांना दिसतो, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

गोळ्यांच्या वेळा सकाळी ६:३०, सकाळी १०, दुपारी १:३० आणि संध्याकाळी ५:३० अशा होत्या. याशिवाय वर्षानुवर्षे चालू असलेली रक्तदाबाची एक गोळी आणि आंबट ढेकरा व घशाशी येणे यांसाठी सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल, एवढीच औषधे होती.

अडचण

चार महिन्यांपासून तक्रार एकच होती : दुपारची गोळी लागत नाही. सकाळच्या दोन्ही गोळ्या पाऊण तासाच्या आत काम करीत. अंग मोकळे होई, सर स्वतः अंगणात फेऱ्या मारीत, वर्तमानपत्र वाचीत. एक वाजता जेवण, दीडला गोळी आणि मग वामकुक्षी, हा त्यांचा शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचा क्रम होता. सव्वातीनला जाग येई तेव्हा मात्र अंग लाकडासारखे झालेले असे, कूस बदलता येत नसे आणि पाय जमिनीला चिकटत. काही दिवशी चार वाजता थोडा फरक पडे, तर काही दिवशी साडेपाचच्या गोळीपर्यंत तसेच बसून राहावे लागे.

एका दुपारी लघवीला जाण्यासाठी उठताना काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्यांचा भार पेलवला नाही आणि सर पलंगाच्या कडेवरून घसरून खाली बसले. हाड मोडले नाही, पण घर हादरले. मुलाने शहरातल्या तज्ज्ञांना फोनवर 'दुपारची गोळी कमी पडते' असे सांगितले आणि त्यांनी दुपारचा डोस दीड गोळी केला. सांगितलेल्या तक्रारीवरून तो निर्णय रास्तच होता. परंतु तीनच्या अडचणीत काही फरक पडला नाही, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मान व खांदे आपोआप डुलू लागले. अशा अनैच्छिक हालचाली डोपामिन जास्त झाल्याचे लक्षण असतात. घरच्यांनी मात्र आजार वाढला असा अर्थ लावला, आणि सरांनी संकोचापोटी संध्याकाळी ओट्यावर बसणे सोडून दिले.

या टप्प्यावर ते माझ्याकडे आले. दुपारी औषध कमी पडते आणि संध्याकाळी तेच जास्त होते, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावर निराळी शक्यता दिसू लागली. दीडची गोळी वाया जात नसावी, ती उशिरा पोहोचत असावी. ती साडेचार-पाचला आतड्यात उतरत असेल, तर साडेपाचची गोळी तिच्यावर चढत होती, आणि अर्धी गोळी वाढवल्याने त्या चढण्यात भरच पडली होती. हा तर्क सुटसुटीत होता, पण तर्कावर डोस बदलण्याची माझी तयारी नव्हती.

वहीतून काय दिसले

पंधरा दिवस नोंदी ठेवायचे ठरले. सूनबाईंनी गोळीची वेळ, जेवणातले पदार्थ आणि गोळीनंतर सर कोठे व कसे होते हे लिहायचे. गोळी लागली हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न सरांनीच सोडवला. जागे असताना दर वीस मिनिटांनी ते वहीत स्वतःचे नाव लिहिणार होते, 'हजेरी मांडल्यासारखे'. या आजारात अक्षर बारीक होत जाते आणि गोळी लागली की ते पुन्हा सुटते, त्यामुळे ही खूण माझ्या कोणत्याही मोजपट्टीपेक्षा चांगली ठरली. त्या वहीची पाने मी जपून ठेवली आहेत. सकाळी सातच्या ओळीत मुंगीएवढे असलेले नाव सव्वासातच्या पुढे एका-दोन नोंदींत पूर्वीच्या वळणावर आलेले दिसते.

पंधरा दिवसांत सकाळच्या दोन्ही गोळ्या ३५ ते ५० मिनिटांत लागल्या होत्या. दुपारच्या गोळीला अकरा दिवस दोन तासांहून अधिक लागले होते, किंवा ती लागल्याची नोंदच नव्हती. उरलेले चार दिवस महत्त्वाचे होते. त्यांतले तीन दिवस गावात हरिनाम सप्ताह होता. सर पंगतीला मंदिरातच जेवले, तेथेच गोळी घेतली आणि दुपारच्या गाथाभजनाला मंडपात खुर्चीवर बसून राहिले. पंगतीचे जेवण घरच्यापेक्षा जडच असते, तरीही त्या तिन्ही दिवशी सव्वा तासाच्या आसपास अक्षर सुटलेले होते. चौथ्या दिवशी ते मुलासोबत गाडीने शहरात गेले होते. गोळी चहासोबत घेतली होती, जेवण तीनला झाले होते, आणि गोळी चाळीस मिनिटांत लागली होती.

जेवणाचा अडसर यात होताच. पण तो एकटाच असता तर पंगतीच्या दिवशीही गोळी अडायला हवी होती. घरच्या अकरा दिवसांना जोडणारी आणखी एक गोष्ट होती : गोळी घेतल्यापासून दहा मिनिटांच्या आत सर डाव्या कुशीवर आडवे झालेले असत आणि पुढचा दीड तास त्याच कुशीवर राहत. या आजारात झोपेत आपणहून कूस बदलणे फार अवघड असते. निरोगी माणूस डाव्या कुशीवर झोपला तरी झोपेत अधूनमधून वळतो. सर वळत नव्हते, कारण त्यांना वळता येत नव्हते.

मी एका दुपारी घरी जाऊन पाहिले नसते, तर आणखी एक तपशील सुटला असता. गोळी पाण्याच्या दोन घोटांबरोबर घेतली जात होती, कारण जास्त पाणी प्यायले की झोपमोड होते. तोंडी प्रश्नावलीत मी 'गोळी पाण्यासोबत घेता ना?' असे विचारले होते आणि उत्तर 'हो' असेच आले होते.

शरीराची ठेवण आणि गोळीचा प्रवास

लेव्होडोपा जठरात शोषली जात नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात तिचे शोषण होते, म्हणून गोळी जठरातून केव्हा बाहेर पडते यावर सगळे अवलंबून असते. उलट जठरात ती जितका वेळ अडकेल तितका तिचा काही भाग तेथील विकरांमुळे मोडून जाण्याची संधी वाढते. शिवाय ती ज्या वाहकांच्या साहाय्याने आतड्याची भिंत ओलांडते, तेच वाहक प्रथिनांतल्या काही अमिनो आम्लांनाही वाहून नेतात. डाळ, दही, शेंगदाण्याचे कूट असे भरपूर प्रथिनांचे जेवण आणि गोळी एकाच वेळी आतड्यात उतरली तर त्यांच्यात चढाओढ होते. पार्किन्सन्समध्ये जठराची हालचालही मुळातच मंदावलेली असते. बद्धकोष्ठ तर कंपाच्या कित्येक वर्षे आधीपासून असू शकते.

आता शरीराच्या ठेवणीचा भाग. जठर पोटात सरळ उभे नसते. त्याची रुंद पिशवी डाव्या बरगड्यांखाली असते, तेथून ते खाली अरुंद होत उजवीकडे वळते आणि त्याचे बाहेर पडण्याचे दार शरीराच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असते. माणूस उजव्या कुशीवर असेल तर हे दार खालच्या बाजूला येते आणि द्रव व विरघळलेले औषध त्याच्याकडे वाहते. डाव्या कुशीवर तेच दार वर जाते आणि सगळा ऐवज डावीकडच्या पिशवीत साचून राहतो. जठराच्या आकुंचनांना तो चढणीवर ढकलावा लागतो.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रजत मित्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या जठराचे संगणकीय प्रतिमान तयार करून नेमका हाच प्रश्न तपासला. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रतिमानात उजव्या कुशीवर गोळी विरघळण्यास सुमारे १० मिनिटे, सरळ उभ्या स्थितीत सुमारे २३ मिनिटे आणि डाव्या कुशीवर १०० मिनिटांहून अधिक वेळ लागला. मंद झालेल्या जठराचे प्रतिमानही त्यांनी तपासले आणि विरघळण्यातला फरक शरीराची स्थिती बदलल्याने पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा निघाला. हे संगणकातले जठर आहे आणि त्यातले आकडे कोणत्याही रुग्णाच्या घड्याळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु त्यापूर्वी, १९९२ मध्ये, ब्रिटनमध्ये निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर झालेल्या अभ्यासातही डाव्या कुशीवर असताना औषध रक्तात उशिरा आणि कमी उंचीवर पोहोचल्याचे आढळले होते. उभे राहिल्यावर किंवा उजव्या कुशीवर ते लवकर चढले होते.

जठराच्या आधी अन्ननलिका येते. उभ्या माणसात गोळी काही सेकंदांत खाली जाते, पण आडवे होऊन थोड्या पाण्यासोबत घेतलेली गोळी मधेच चिकटून बसू शकते. १९८०च्या दशकातल्या क्ष-किरण अभ्यासांवरून निदान १०० मिलिलिटर पाणी आणि गोळीनंतर निदान दीड मिनिट उभे राहणे, असा सल्ला निघाला तो यामुळेच. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या अॅलेंड्रोनेटच्या गोळीनंतर अर्धा तास आडवे होऊ नये ही सूचना आणखी कडक आहे, कारण ती गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तेथे जखम करते.

आता वामकुक्षीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण सरांची पहिली प्रतिक्रिया 'म्हणजे आमचे वाडवडील चुकले का?' अशी होती आणि ती मला रास्त वाटली. वाम म्हणजे डावी आणि कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर जठरातले आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीवर राहते, त्यामुळे घशाशी येणे कमी होते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना रात्री डाव्या कुशीवर झोपा असे आजचे डॉक्टरही सांगतात, आणि सरांना त्या कुशीवर खरोखरच बरे वाटत असे. शिवाय सुश्रुतसंहितेतला क्रम असा आहे की जेवल्यावर जडपणा जाईपर्यंत आधी राजासारखे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि मग डाव्या कुशीवर पहुडावे. बसणे आणि चालणे काळाच्या ओघात गळाले आणि पहुडणे तेवढे उरले. हा क्रम सांगितल्यावर सरांचा विरोध मावळला. त्यांच्याशी झालेल्या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

पर्यायांचा विचार

डोस वाढवण्याचा मार्ग करून झाला होता आणि त्याचे फळ संध्याकाळच्या हालचालींत दिसले होते. एंटाकॅपोन जोडण्याचा विचार शहरातल्या तज्ज्ञांच्या मनात होता. ते औषध लेव्होडोपाचा असर लांबवते. परंतु येथे असर सुरूच उशिरा होत होता, आणि लांबवल्याने संध्याकाळचे डुलणे वाढण्याची भीती होती.

जठराला गती देणारी औषधे हा पर्याय सहज सुचतो आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. मेटोक्लोप्रमाइड मेंदूतल्या डोपामिनलाच अडवते, त्यामुळे पार्किन्सन्समध्ये ते देता कामा नये. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळून सर्रास विकले जाणारे लेव्होसल्पिराइडही त्याच जातीचे आहे. निरोगी वृद्धांतही ते पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माण करू शकते. म्हणून सरांच्या पित्ताच्या गोळीची पट्टी मी स्वतः वाचली. त्यात फक्त पँटोप्रॅझोल होते. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही म्हणून या आजारात चालते, पण हृदयाच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकत असल्याने आधी ईसीजी लागतो. ते राखून ठेवले.

उजव्या कुशीवर झोपणे, हा अभ्यासांतून सरळ निघणारा उपाय होता. तो दोन कारणांनी बाद झाला. सरांचा आजार उजव्या बाजूने सुरू झालेला, आणि त्या बाजूचा खांदा आखडलेला होता. पार्किन्सन्समध्ये खांदा आखडणे नेहमीचे आहे. त्या खांद्यावर भार घेऊन त्यांना पाच मिनिटेही पडवत नव्हते. दुसरे म्हणजे उजव्या कुशीवर आम्ल वर येण्याचा त्रास वाढतो.

दुपारची झोप बंद करावी असे मुलाचे मत होते. मला ते पटले नाही. रात्री तीन-चार वेळा उठावे लागणाऱ्या माणसाची ती विश्रांती होती, आणि काकूंनाही दिवसभरात पाठ टेकायला तेवढाच वेळ मिळत होता. उरले दोन मार्ग : गोळीनंतर काही वेळ बसून राहणे, आणि गोळी जेवणाच्या आधी घेणे. दोन्ही एकदम करावे की एकामागून एक, यावर मी आणि शहरातले तज्ज्ञ फोनवर बराच वेळ बोललो. एकदम केले असते तर फरक लवकर पडला असता. एकामागून एक केल्याने कशाने किती फरक पडतो हे कळणार होते. आम्ही दुसरा मार्ग धरला.

काय केले

प्रथम दुपारचा डोस तज्ज्ञांच्या संमतीने पुन्हा एक गोळी केला. मग जेवण आणि गोळीची वेळ तशीच ठेवून फक्त एवढे बदलले : गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर पाऊण तास आरामखुर्चीत बसायचे, मग हवी तितकी वामकुक्षी घ्यायची. पाणी आणि बसणे या दोन गोष्टी मी एकत्रच बदलल्या, हे येथे नोंदवले पाहिजे.

पहिले दोन दिवस चांगले गेले. गोळी ७० ते ८० मिनिटांत लागली. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसलेल्या सरांना अंधारी आली, चेहरा पांढरा पडला आणि मान कलली. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून त्यांना आडवे केले आणि पाय उशीवर घेतले. मी पोहोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. बसवून मोजलेला रक्तदाब ९०/६० भरला.

ही माझी चूक होती. पार्किन्सन्समध्ये रक्तदाब सावरणाऱ्या नसाही बिघडतात. जेवल्यानंतर रक्त पोटाकडे वळते आणि बसल्या किंवा उभ्या स्थितीत दाब घसरतो. जेवल्यावर आडवे होण्याची सरांची ओढ ही केवळ सवय नव्हती. त्यांचे शरीर स्वतःला सांभाळत होते. ज्या माणसाला जेवणानंतर बसवून ठेवायचे, त्याचा जेवणाआधीचा आणि नंतरचा, निजून, बसून व उभ्याने असा रक्तदाब मी आधी मोजायला हवा होता. तो आता मोजला. जेवणानंतर उभे राहताच वरचा आकडा ३० ने खाली येत होता. नऊ वर्षांपूर्वी, आजार सुरू होण्याआधी दिलेली रक्तदाबाची गोळी अजून चालूच होती. ती कमी करत दोन आठवड्यांत थांबवली आणि रोज दाब मोजत राहिलो. वाढला असता तर परत सुरू करण्याची तयारी होती.

दुसऱ्या टप्प्यात गोळी जेवणाआधी नेली. १२:४५ ला पेलाभर पाण्याबरोबर गोळी, मग जेवणापर्यंत खुर्चीत बसून वर्तमानपत्र किंवा नातवाचा अभ्यास, आणि १:३० ला जेवण. उपाशीपोटी मळमळ झाल्यास सोबत एखादे साधे बिस्किट घ्यायला सांगितले होते. तशी वेळ दोनदाच आली. दुपारच्या जेवणात भात, भाकरी, भाजी ठेवून डाळ-दह्याचा मोठा वाटा रात्रीकडे वळवला. एकूण प्रथिने कमी केली नाहीत, कारण सरांचे वजन आधीच उतरले होते. जेवण थोडे कमी करून चार वाजता खाण्याची एक वेळ वाढवली, म्हणजे जेवणानंतर दाब एकदम घसरणार नाही. जेवणानंतर सरांनी पाठीशी लोड घेऊन अर्धवट टेकून बसायचे आणि मग दोनच्या सुमारास डाव्या कुशीवर पडायचे. तोवर गोळी जठर सोडून पुढे गेलेली असावी, असा हिशेब होता.

परिणाम

दुसऱ्या टप्प्याच्या पंधरा दिवसांत बारा दिवस दुपारची गोळी ४० ते ५५ मिनिटांत लागली. याचा पहिला लाभ माझ्या अपेक्षेबाहेरचा होता. जेवणाच्या वेळी हात मोकळा असल्याने सर स्वतःच्या हाताने जेवू लागले. गेले काही महिने काकू भाकरी कुस्करून त्यांना भरवत होत्या आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणीही माझ्याकडे कधी बोलले नव्हते.

वामकुक्षी चालू राहिली. जाग आल्यावर उठून बसायला अजून हात द्यावा लागतो, पण पाय चिकटण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला. संध्याकाळचे डुलणे डोस कमी केल्यापासून आठवडाभरात ओसरले आणि सर पुन्हा ओट्यावर बसू लागले. घशाशी येणे वाढले नाही. अंधारी पुन्हा आली नाही. जे तीन दिवस गोळी अडली, त्यांपैकी एका दिवशी घरी पुरणपोळीचा बेत होता आणि जेवण गोळीसोबतच झाले होते. दुसऱ्या दोन दिवसांचे कारण वहीत सापडत नाही. शहरातल्या तज्ज्ञांनी पुढच्या भेटीत एंटाकॅपोनचा विचार बाजूला ठेवला.

यातला किती भाग बसण्याचा, किती पाण्याचा आणि किती रिकाम्या पोटाचा, याची नेमकी वाटणी करता येत नाही. रक्तातली औषधाची पातळी आम्ही मोजली नाही. पहिल्या टप्प्यातल्या दोन दिवसांत, जेवण तेच असताना, दोन तासांवरून सव्वा तासावर आलेली वेळ मला शरीराच्या ठेवणीचा वाटा दाखवते. पण तो टप्पा अंधारीमुळे मधेच थांबला, आणि दोन दिवस म्हणजे फार थोडे.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, मुलाने फोनवर 'गोळी कमी पडते' म्हटले तेव्हा तो निरोप माझ्यामार्फत जायला हवा होता आणि मी दोन प्रश्न विचारायला हवे होते : गोळी घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात सर कोठे असतात, आणि कोणत्या स्थितीत? डोस वाढवण्याआधी ही माहिती तज्ज्ञांपुढे असती तर संध्याकाळच्या हालचालींचे सहा आठवडे टळले असते. तज्ज्ञांच्या दवाखान्यात रुग्ण नेहमी खुर्चीत बसलेला दिसतो. तो घरी कसा पडतो हे सांगण्याची जबाबदारी आमच्यासारख्या जवळच्या डॉक्टरांवर येते.

रक्तदाबाबद्दल वर लिहिलेच आहे. त्यात एवढीच भर घालतो की 'गोळी घेतल्यावर आडवे होऊ नका' हा सल्ला मी आजवर शेकडो रुग्णांना निःशंकपणे दिला होता, आणि तो ज्यांना सोसणार नाही अशी माणसे असतात हे मला पुस्तकातून ठाऊक असूनही त्या दिवशी आठवले नाही.

टप्पे पाडण्याचा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो, परंतु त्यांचा क्रम मी उलटा ठेवला असता. आधी गोळी जेवणापूर्वी नेली असती, तर भरल्या पोटी बसवण्याची वेळच आली नसती. खांद्याचे व्यायामही पहिल्याच आठवड्यात सुरू करायला हवे होते. ते आता सुरू आहेत आणि सर उजव्या कुशीवर दहा मिनिटे पडू शकतात.

रात्रीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पहाटे साडेचार-पाचला अंग आखडते, आणि त्यासाठी झोपताना सावकाश विरघळणारी गोळी सुरू करावी असे तज्ज्ञ सुचवत आहेत. ती चावून किंवा कुटून घेता येत नाही, आणि रात्रभर सर डाव्याच कुशीवर असतात. ती सुरू करण्याआधी पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच करून, रात्री किती वाजता कोणत्या कुशीवर होते याच्या नोंदी पंधरा दिवस ठेवायचे ठरले आहे. वहीचा पहिला रकाना या वेळी काकूंनी आखला आहे.